सड्यावर बसून स्थलांतर दिसते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पर्वरीला राहता. परदेशात लोक एखाद्या टेकडीवर खुर्ची टाकून बसतात आणि दिवसाला हजारो शिकारी पक्षी मोजतात, हे वाचून तुम्ही सप्टेंबरअखेरीपासून तीन रविवार सुकूरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, सकाळी नऊ ते अकरा बसलात. वहीत नोंद काय, तर 'घारी, बाकी काही नाही'. आता विचारता की गोव्यात स्थलांतर दिसते का, की चोडणच्या पक्षी अभयारण्यात जाऊन बदके येण्याची वाट पाहावी?

आधी त्या 'घारी, बाकी काही नाही'बद्दल बोलू. जुलैमधल्या एखाद्या पावसाळी दुपारी तुमच्या सड्यावर किती घारी होत्या, आठवते? बहुधा नाही, कारण त्या नव्हत्याच. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस मुसळधार कोसळतो तेव्हा साध्या घारी मोठ्या संख्येने कोरड्या मुलखाकडे सरकतात आणि पाऊस ओसरला की परततात. चवथ आटोपते, म्हाळ (पितृपक्ष) सुरू होतात, ऊन पडायला लागते आणि एके सकाळी मासळीबाजारावर पुन्हा घिरट्या दिसतात. वर्षभर इथे हक्काने असते ती विटकरी पाठीची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार. दुभंगलेल्या शेपटीची काळपट घार हंगामी. त्यातच थंडीच्या तोंडाला उत्तरेकडून येणाऱ्या काळ्या कानाच्या घारी मिसळतात. अंगाने थोराड, आणि पंखाखाली मनगटापाशी मोठा फिकट डाग. दिल्लीत हिवाळा काढणाऱ्या अशा घारींना उपग्रह-ट्रान्समीटर लावून पाहिले, तेव्हा त्या काराकोरम ओलांडून कझाकस्तान, रशिया, मंगोलियाच्या बाजूला जातात असे दिसले. म्हणजे तीन रविवार तुम्ही स्थलांतरच पाहत होतात, फक्त ते मोजले नाही. वहीत आकडा असता तर पहिल्या रविवारपेक्षा तिसऱ्या रविवारी घारी वाढल्या का, हे आज सांगता आले असते.

आता हजारोंचा हिशेब. जॉर्जियातल्या बाटुमीला एका शरदात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी मोजले जातात, मेक्सिकोतल्या वेराक्रुझला त्याच्या कितीतरी पट. रुंद पंखांचे पक्षी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवर तरंगत जातात. समुद्रावर तसे झोत उठत नाहीत, म्हणून ते पाणी टाळतात. बाटुमीत एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला कॉकेशसचे डोंगर, मध्ये अरुंद पट्टी. जिब्राल्टरला सामुद्रधुनी जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे पाणी जेमतेम 14 किलोमीटर, म्हणून सगळे तिथे गोळा होतात. तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सह्याद्री आहेच की! आहे, पण सह्याद्री ही भिंत नव्हे, पायरी आहे. चोर्ला घाट चढून गेलात की पलीकडे उतार नाही, सरळ दख्खनचे पठार लागते. उत्तरेकडून येणाऱ्या गरुडांना आणि भोवत्यांना (हॅरियर) खाली आपल्या दमट पट्टीत उतरण्याची काहीच सक्ती नाही. बरेचसे वरूनच, बेळगाव-धारवाडच्या माळांवरून दक्षिणेला निघून जातात. आपल्या वाट्याला येतो तो त्यातला सांडलेला भाग.

त्यातून लहान पक्षी, म्हणजे वटवटे, माशीमार, नवरंग, हे प्रवास करतात रात्री. हवा थंड आणि शांत असते, शिकारी झोपलेले असतात. आपण दहा वाजता चहा पिऊन सड्यावर पोचतो तेव्हा ते आंब्याच्या झाडात शिरून खात बसलेले असतात.

म्हणून माझे सांगणे एकच: गोव्यात पक्ष्यांचे जाणे फारसे दिसत नाही, उतरणे दिसते. आणि उतरणे दिसायचे तर काल तिथे काय नव्हते हे ठाऊक असायला हवे. एकच जागा, घराजवळची, आणि पूर्ण मोसम. हे मी उशिरा शिकलो. पहिली सात-आठ वर्षे मी दर रविवारी नवी जागा गाठत असे. आज करमळी, पुढच्या आठवड्यात मोरजी, मग नंदा तळे, मग मोले. पक्ष्यांची यादी वाढली, वह्या भरल्या. पण 'करडा धोबी गोव्यात कधी येतो?' असे कुणी विचारले की उत्तर नाही! नऊ वह्या आणि एकही उपयोगाचा आकडा नाही.

तुमचा सडा उत्तम आहे, तो सोडू नका. फक्त जागा पन्नास-शंभर पावले हलवा. मधल्या सपाटीवर बसलात तर वरचे आकाश तेवढे दिसते. पूर्वेच्या कडेला बसा, जिथून खाली म्हापसा नदीच्या काठची खाजने (बांध घातलेली खाऱ्या पाण्याकाठची शेते) आणि पलीकडे चोडणची बाजू दिसते. कडेवर बसण्याचा फायदा असा की दरीतून चढणारा पक्षी आधी डोळ्यांच्या पातळीला येतो, त्याची पाठ दिसते. भोवत्या ओळखायचा असेल तर कमरेवरचा पांढरा पट्टा वरूनच दिसणार, खालून जन्मात नाही. तोंड उत्तरेला करा. शरदात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन पाठीवर राहते आणि येणारा पक्षी उजेडात दिसतो. बसण्याआधी दगड काठीने वाजवून घ्या. जांभ्याच्या कपारीत फुरसे असते, आणि पावसाळ्यानंतर गवत उंच असते तेव्हा ते दिसत नाही.

वेळेचे तुमचे गणित अर्धे बरोबर आहे. नऊ ते अकरा ही तरंगणाऱ्या पक्ष्यांची वेळ. त्याआधी जमीन तापलेली नसते आणि दुपारी समुद्रवारा आत घुसला की किनाऱ्याजवळचे झोत मोडतात, पक्षी आतल्या बाजूला सरकतात. बारानंतर सड्यावर बसून फक्त डोके तापते. पण सात ते नऊ तुम्ही वाया घालवता आहात. पोदेर (पाववाला) पोंपों करत गल्लीतून जातो त्या वेळी निघा आणि सड्याच्या कडेची झुडपे, काजू, भेडस, आंबा यांच्या सावलीत उभे राहा. रात्री उतरलेले पक्षी तेव्हा भुकेलेले असतात, हलतात, ओरडतात. दिसण्याआधी ऐकू येतात. आंब्याच्या शेंड्यातून दोन तुकड्यांतले 'चिस्-विट' आले की हिरवट वटवट्या पोचला. झुडपाच्या तळाशी कुणी जिभेने 'टक्, टक्' असा आवाज काढल्यासारखे वाटले की ब्लाइथचा बोरू-वटवट्या. हे दोन आवाज सप्टेंबरच्या मध्यानंतर एखाद्या सकाळी अचानक सुरू होतात आणि मग एप्रिलपर्यंत थांबत नाहीत. 'सुरू झाले' ती सकाळ पकडणे, यासारखी मजा माझ्या मते हजार गरुडांतही नाही. पण हे वयाचे बोलणे असेल.

मोसमाचा साधारण क्रम सणांवर बसवला तर लक्षात राहतो. सण पुढेमागे होतात, पक्षीही होतात. पाऊस धो-धो असतानाच, जुलैच्या शेवटापासून, किनाऱ्यावर पहिले चिखल्ये आणि तुतारी येऊन पोचतात. हे आधी येणारे बहुतेक प्रौढ. वाळूवरच्या छोट्या चिखल्यांच्या छातीवर तेव्हा अजून विणीच्या मोसमाची विटकरी छटा असते, पुढे ती जाते. त्या वर्षी जन्मलेली पिल्ले मागून, आईबापांशिवाय, स्वतःच वाट काढत येतात. चवथीच्या सुमारास करडा धोबी ओढ्यांवर येतो, कधी माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांचे) सामान आणायला रानात जावे तर वाटेत हाच शेपूट हलवत पुढे धावतो. म्हाळांच्या पंधरवड्यात भिंगऱ्या विजेच्या तारांवर ओळीने बसायला लागतात. (तारेवर बसली तर भिंगरी. पाकोळी तारेवर बसत नाही, तिच्या पायांची रचनाच तशी नाही. मी पहिल्या वर्षी दोन्ही एकत्र मोजून ठेवल्या, ते आकडे अजून छळतात.) नवरात्रात तपकिरी खाटीक, हळद्या, निळ्या शेपटीचे वेडे राघू. कोजागिरीच्या आसपास दलदली भोवत्या खाजनांवर आणि खरुची (छोटा ससाणा) सड्यावर. दिवाळीपर्यंत कुरव, आणि बदकांतले पहिले भुवई बदक. तलवार बदकांचे मोठे थवे व्हडल्या दिवाळीनंतर, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या पुढे. चोडणच्या डॉ. सलीम अली अभयारण्यात जायचे तर तेव्हा जा. ते 1988 सालापासूनचे अभयारण्य आहे, अवघे 1.78 चौरस किलोमीटर, बहुतेक खारफुटी. तिथे आत शिरण्यापेक्षा फेरीबोटीतून आणि बाहेरच्या खाजनांच्या बांधावरून जास्त दिसते, असा माझा अनुभव.

दिवसा प्रवास करणारे मोजके पक्षी आहेत, त्यांच्यासाठीच सड्याची खुर्ची. वेडे राघू उंचावरून सैल थव्याने जातात. डोळ्यांना ठिपके दिसतात, पण 'टिर्र, टिर्र' असा घुंगुरलेला आवाज आधी खाली येतो. भिंगऱ्या उलट अगदी खालून, गवताच्या टोकांना घासत एकेक करून सरळ रेषेत दक्षिणेला जातात. इकडे-तिकडे फिरत किडे पकडणारी भिंगरी वेगळी आणि न वळता जाणारी वेगळी. दुसरी प्रवासात आहे, ती मोजा. भोवत्या दिसला तर त्याची पद्धत बघा, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे वर धरून डुलत जातो. माँटेग्यूचा आणि फिकट भोवत्या यांच्या माद्या आणि पिल्ले ओळखणे हे भल्याभल्यांचे काम नाही, तिथे 'भोवत्या, जात अनिश्चित' लिहून मोकळे व्हा. वहीत खोटी खात्री असण्यापेक्षा ते बरे. बुटेड ईगल मात्र दुर्बिणीतून सुरेख कळतो. समोरून येताना मानेच्या दोन बाजूंना, पंखांच्या मुळाशी, मोटारीचे दिवे लावल्यासारखे दोन पांढरे ठिपके.

आणि जे नेहमीचे वाटते ते मोसमात दोनदा बघा. सप्टेंबरअखेरीला एकदा आमच्या तारेवर नीलपंख बसला होता. नीलपंख काय, रोजचाच, म्हणून मी नावापुढे 1 लिहून मान फिरवली. सोबतच्या मुलाने फोटो काढला होता, तो रात्री पाहिला तर डोके आणि छाती सबंध निळी, आपल्या नीलपंखाच्या छातीवरचा तपकिरी-गुलाबी रंग आणि रेघा नाहीत. तो युरोपीय नीलपंख होता. मध्य आशियाकडून आफ्रिकेला जाताना पश्चिम भारताचा कोपरा कापून जाणाऱ्यांपैकी. ठिपकेदार माशीमार, लाल पाठीचा खाटीकही याच वाटेचे. ते आपल्याकडे राहायला येत नाहीत, चार दिवस टेकतात. पुढचे तीन दिवस मी त्या तारेखाली जाऊन उभा राहिलो. तो परत दिसला नाही.

या आफ्रिकावाल्यांत सगळ्यात नावाजलेला अमूर ससाणा. 2013 साली नागालँडमध्ये काही ससाण्यांना उपग्रह-ट्रान्समीटर लावले, तेव्हा ते भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावर निघतात आणि न थांबता सोमालियाच्या बाजूला पोचतात हे नकाशावर दिसले. कबुतराहून लहान पक्षी! नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे तो दिसण्याची शक्यता असते, पण त्यासाठी आभाळाआधी चतुरांकडे लक्ष ठेवा. पावसानंतर सड्यावर पिवळसर चतुरांचे जे ढग उडतात, ते 'पँटाला' जातीचे चतुर स्वतःच समुद्र ओलांडून मालदीवला, तिथून पुढे आफ्रिकेला जातात असे मानले जाते, आणि समुद्रावर ससाण्यांचे खाणे तेच असावे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ज्या दिवशी सड्यावर चतुर दाट आणि वारा पूर्वेचा, त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा जातो. ससाणे मला गेल्या पंचवीस वर्षांत मोजून चार वेळा दिसले आहेत.

सड्यावर कंटाळा आला तर दुसरी जागा ठेवा ती पाण्याची, पण तीही एकच. मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, तिथे घड्याळापेक्षा भरती महत्त्वाची. ओहोटीला पक्षी मैलभर चिखलात पांगतात, दुर्बिणीत मुंग्या दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत दांड्यावर आणते. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जाऊन बसा आणि हलू नका, ते तुमच्याकडे येतील. वेळ काढायला आपल्या रापणकारांचा (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांचा) जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरा आणि मुरगाव बंदराचे भरतीचे वेळापत्रक मोबाइलवर पाहून घ्या. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरती सकाळी अकराच्या सुमाराला आणि भरपूर येते. हे दिवस सर्वांत चांगले. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरते चढतच नाही, पक्षी जागचे हलत नाहीत. आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या आत जा. पुढे शॅक उभे राहतात, कुत्री आणि वॉटर-स्पोर्ट सुरू होतात, सतत उठवलेल्या थव्यातल्या पक्ष्यांच्या अंगावर चरबी धरत नाही. दांड्यावर बसलेला थवा फोटोसाठी उडवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या त्या पक्ष्याच्या अंगावर तेव्हा चरबी उरलेली नसते.

वहीचे म्हणाल तर चार गोष्टी पुरतात: बसल्याची आणि उठल्याची वेळ, वारा कुठून, आभाळ कसे, आणि आकडा. शून्यही लिहा, 'दोन तास, भोवत्या 0' ही नोंद आहे. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढा ठोकळा नजरेत बसवा आणि तो ठोकळा थव्यावर टाकत चला. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर चढवत असाल तर नुसत्या 'घारी, बाकी काही नाही'चा तिथेही फारसा उपयोग नाही. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे, महागाची नको. मात्र ती डोळ्यांना लावून क्षितिजालगत हळूहळू फिरवायची सवय लावा. उंच निळ्या आभाळात नुसत्या डोळ्यांना पक्षी सापडत नाही, पांढऱ्या ढगावर तोच लगेच दिसतो. म्हणून स्वच्छ आभाळाचा दिवस मला आवडत नाही.

आता तुम्ही न विचारलेले एक. रात्रीचा प्रवास डोळ्यांनी पाहायचा असेल तर कोजागिरीला गच्चीवर दूध आटवताना एखादी टेलिस्कोप किंवा स्टँडवर घट्ट बसवलेली दुर्बीण चंद्रावर रोखून ठेवा. चंद्र वर आला की आठ ते दहा या वेळात आळीपाळीने एकेकाने बघत राहायचे. डोळा थकतो, पाणी येते, पण अधूनमधून चंद्राच्या तबकडीवरून एखादा काळा ठिपका सरकन आडवा जातो. पंख हलताना दिसले तर पक्षी, वेडावाकडा वळला तर वटवाघूळ. जात कळणार नाही, दिशा कळेल, ती लिहा. शिवाय कान उघडे ठेवा. काळोखात उंचावरून एकाच सुरात सहा-सात शिट्ट्या पडल्या तर छोटा कोरल, तीनच पडल्या तर बहुधा हिरवा टिलवा. हे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री करायला जाऊ नका, नरकासुराच्या पुतळ्यांसमोर लावलेल्या स्पीकरपुढे कोरलाचे काय चालणार! आणि या दिवसांत सकाळी गॅलरीत किंवा अंगणात एखादा रंगीबेरंगी, आखूड शेपटीचा पक्षी सुन्न बसलेला सापडला तर तो नवरंग असतो. रात्री दिव्यांना भुलून काचेवर आपटलेला. त्याला पाणी पाजू नका, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात तासभर ठेवा आणि झाडीत नेऊन सोडा. नाहीच उडाला तर वनखात्याला कळवा.

येत्या रविवारी मी सातला कडेवर असेन. काजूच्या दोन झाडांमध्ये एक सपाट दगड आहे, तो तुम्ही घ्या. घारी मी मोजतो, तुम्ही उत्तर दिशा सांभाळा.